मालदीवला गरी टाकायला जाताय तं लायसन्सच्या आधी हे पाहा

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. डिसेंबरात नागपूरहून दोस्त मिळून मालदीवला जाऊन राहिले, स्वतःचे रॉड नेणार, तर फिशिंगचं लायसन्स कुठं काढायचं, आणि पकडलेला मासा घरी आणता येते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, आणायच्या फंदात पडूच नका. भारतात मासा आणायचा म्हणजे परमिटची भानगड, आणि तिथं बोटीवरून उतरल्यावर गेस्टहाउसवाले तुमचाच मासा भाजून देतात, मग कशाला पाहिजे.

लायसन्सचं असं आहे का चार्टर म्हणजे भाड्याच्या बोटीवर जाणाऱ्या टुरिस्टला स्वतःच्या नावाचं कार्ड काढायला कुठं फिरावं लागत नाही, कागद जे असतील ते बोटवाल्याचे, आणि यामुळेच आपल्या लोकांना वाटते का तिथं काही नियमच नाही. नियम भरपूर आहेत, फक्त ते कोणी तुमच्या हातात छापून देत नाही. आपल्याकडे कसं, तलाव मोकळा दिसला तरी त्याचा ठेका ढीवर बांधवांच्या संस्थेकडे असते, विचारल्याशिवाय कोणी गरी टाकून बसत नाही, आणि तोतलाडोह धरणात तं पेंच व्याघ्र प्रकल्पामुळे विचारायचीही सोय नाही. तिथंही पाणी कोणाचं हे पहिले विचारायचं. रिसॉर्टचा हाउस रीफ (बेटाला लागून असलेलं प्रवाळ) स्नॉर्कलिंगवाल्यांसाठी असते, जेट्टीवर उभं राहून पॉपर (पाण्यावर छपछप करणारा खोटा मासा) फेकायचा नाही. बा अटॉल (प्रवाळबेटांचा एक पुंजका) 2011 पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे आणि त्यातल्या हनिफारूला मासेमारी बंद म्हणजे बंद. दक्षिण अरीचा व्हेल शार्कवाला पट्टाही 2009 पासून संरक्षित आहे, त्या बाजूला राहणार असाल तर बोट नेमकी कुठं नेणार हे पैसे द्यायच्या आधी विचारा. कॅप्टन गोलगोल बोलायला लागला तं दुसरी बोट पाहा.

आता मासे. शार्क पकडायचा नाही (2010 ला त्यावर पूर्ण बंदी आली), रे म्हणजे पाकट 2014 पासून बंद, कासव नाही, नेपोलियन रास नाही (हा डोक्यावर टेंगूळ असलेला मोठा हिरवट मासा, 1995 पासून संरक्षित आहे), शेवंड (लॉबस्टर) 25 सेंटीमीटरच्या खालची नाही आणि अंडीवाली तं कोणत्याच साइजची नाही. आणि तुमच्यातला कोणी यूट्यूब पाहून भाल्याची बंदूक घ्यायचं म्हणत असेल तर त्याला इथंच थांबवा, स्पिअरफिशिंगला तिथं बंदी आहे. शार्क चुकून लागलाच तर बोटीवर ओढून फोटोबिटो काही नाही, जमेल तितका जवळ आणून दोर कापायची. शार्क भरपूर असल्यानं तुमच्या गरीला लागलेला मासा ते अर्धा खाऊन जातात, असं दोनदा झालं का चांगला कॅप्टन स्वतःच जागा बदलते. नाही बदलली तर तुम्ही म्हणा, कारण मग तुम्ही शार्कला जेवण वाढून राहिले, फिशिंग नाही करून राहिले.

लोक जातात ते जीटीसाठी, जायंट ट्रेव्हली. हा मासा बहुतेक चांगले गाइड सोडूनच देतात आणि माझं मत विचाराल तर ज्या बोटीवर जीटी मारतात त्या बोटीवर जाऊच नये. ट्रेबल म्हणजे तीन टोकांचा हुक काढून सिंगल लावा, बार्ब (हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा) पकडीनं दाबून टाका, हे घरीच करून न्या, हलत्या बोटीवर हाताचं बोट फाडून घ्याल. मासा शेपटीनं किंवा गलफड्यात हात घालून उभा टांगायचा नाही, एवढ्या वजनात आतून फाटते त्याला, हात ओले करून आडवा धरायचा, एक फोटो, आणि पाण्यात तोंड पुढं करून धरून ठेवायचं, स्वतः झटका मारून जाते तोपर्यंत. पाच जणांनी आळीपाळीनं सेल्फी काढल्या तं तो पोहत गेलेला दिसला तरी वाचेलच असं नाही. रोहू-कतल्यावाल्या आपल्या लोकांना हे सुरुवातीला जड जाते, मासा सोडायचाच होता तं आलो कशाला म्हणतात.

जिगिंगचं, म्हणजे जड धातूची जिग खोलात सोडून झटके देत वर ओढायचं, त्याचं वेगळं. खोलातून स्नॅपर, ग्रूपर वर आणला का त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, वरच तरंगत राहते. म्हणून जेवणापुरते मिळाले का जिगिंग थांबवा, पुढचा टाइम पॉपिंग (पॉपर फेकून) नाही तर ट्रोलिंग (चालत्या बोटीमागं खोटा मासा ओढत) करा. नुसतं खायला मासे पाहिजे तर सगळ्यात स्वस्त आणि मजेदार म्हणजे संध्याकाळची हॅंडलाइन ट्रिप, रॉडच लागत नाही, दोर, वजन आणि ट्यूनाचा तुकडा. तिथले कोळी स्वतः ट्यूना जाळ्यानं नाही, काठीनं एकेक करून पकडतात, जमलं तं पाहायला जा, बोटीवर मासोळ्यांचा पाऊस पडते.

बाकी किरकोळ. दारू नेऊ नका, एअरपोर्टवर काढून घेतात, स्थानिक बेटांवर मिळतही नाही, रिसॉर्टवर मिळते. व्हेप (ई-सिगारेट) तं नोव्हेंबर 2024 पासून नेताच येत नाही. शुक्रवारी दुपारी नमाज होईपर्यंत बोट निघेल असं धरू नका आणि बऱ्याच फेऱ्याही त्या दिवशी बंद असतात, तर फिशिंगचा दिवस शुक्रवारी ठेवूच नका. व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळते पण इमुगा (IMUGA) हा ऑनलाइन फॉर्म निघायच्या 96 तासांच्या आत भरावा लागते, प्रत्येकाचा. शंख, पोवळं, वाळू काही खिशात टाकू नका, परतीच्या चेकिंगला उगाच भांडण.

नागपूरहून मुंबई किंवा बंगलोर करून जाल, तर एकसंध रॉड नको, तीन-चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या, हुक-जिग सगळं चेक-इनमध्ये, लूअरचे (खोट्या माशांचे) हुक काढून वेगळ्या डबीत. आणि रॉडची ट्यूब असली तर एअरलाइनला लांबी आधी फोन करून सांगा, काउंटरवर गेल्यावर नाही.