विज्ञान-गणित मंडळ चालवताना : एका तरुण शिक्षिकेस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शाळा सुटल्यानंतर भरणाऱ्या विज्ञान-गणित मंडळाची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेली उपक्रमांची यादी मी लक्षपूर्वक वाचली. ती तू मेहनतीने केली आहेस. परंतु दर आठवड्याला एक नवा प्रयोग, या हिशेबाने मंडळ चालवलेस तर मुलांची करमणूक होईल, एखाद्या प्रश्नाचा पिच्छा पुरवण्याची सवय मात्र त्यांना लागणार नाही. माझे ऐकशील तर यादीतले बहुतेक उपक्रम खोडून टाक. वर्षभरात दोन-तीनच विषय घे आणि त्यांची तड लागेपर्यंत ते सोडू नकोस.

गणिताचा आरंभ कापरेकरांपासून कर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते आणि 6174 या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करायची. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येते आणि तिथून पुढे उत्तर हलत नाही. हे मुलांना पहिल्या दिवशी करू दे, पण तिथेच थांबलीस तर ती जादूच्या प्रयोगासारखी गंमत होऊन विरून जाईल. खरे काम दुसऱ्या दिवशी, तीन अंकी संख्या घेतल्यावर सुरू होते.

तीन अंकांत सगळे 495 वर येऊन थांबतात, आणि याची पूर्ण सिद्धता सातवी-आठवीच्या मुलांच्या आवाक्यात आहे. सर्वांत मोठा अंक शतकस्थानी आणि सर्वांत लहान एककस्थानी ठेवून उलट क्रमाची संख्या वजा केली की मधला अंक दोन्ही संख्यांत दशकस्थानीच राहतो, म्हणून तो निघून जातो. उत्तर येते ते मोठ्या आणि लहान अंकांतील फरकाच्या 99 पट. हा फरक 1 ते 9 यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे तीन अंकी संख्या शेकडो असल्या तरी पहिल्या वजाबाकीनंतर 099, 198, 297 पासून 891 पर्यंत नऊच उत्तरे उरतात, आणि ती नऊ तपासणे फळ्याच्या एका कोपऱ्यात होते. 099 पासून 891, त्यापासून 792, मग 693, 594 आणि शेवटी 495. इतक्या संख्यांचा निकाल नऊ ओळींत लागला, हे मुलांच्या ध्यानात येते तेव्हा सिद्धता कशाला म्हणतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इथे एक अडचण हमखास येईल आणि तिचे तू स्वागत कर. 211 घेणाऱ्या मुलाला 211 वजा 112 म्हणजे 99 मिळेल, तो पुढचे शून्य लिहिणार नाही, 99 मधून 99 वजा करील आणि त्याचे उत्तर शून्य येईल. लगेच चूक दाखवू नकोस. त्याची वजाबाकी अचूक असते, फक्त ठरवलेल्या नियमाचा एक भाग त्याच्याकडून सुटलेला असतो. तो भाग कोणता, हे इतर मुलांनाच शोधू दे. थोड्या वादावादीनंतर पुढचे शून्य धरायचे की नाही हा ठरवण्याचा भाग आहे, हे त्यांच्याच तोंडून येईल. मग कोणीतरी दोन अंकी संख्यांचे काय होते असे विचारील. तिथे एकाच संख्येवर थांबणे नाही. 09, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 09 असा फेरा चालू राहतो. तो मुलांना सापडण्याआधी तू सांगितलास तर त्या दिवसाची सारी मजा तू हिरावून घेतलीस असे समज.

विज्ञानासाठी सावलीचा उपक्रम घे आणि तो दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू कर. मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या सळईची सावलीच पडत नाही, तो शून्य सावलीचा दिवस तुझ्या यादीत आहे, परंतु पुण्याच्या परिसरात तो मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैमध्ये आभाळ भरलेले, असा तो दोन्हीकडून निसटतो. त्यापेक्षा पटांगणात एक मीटर उंचीची सळई ओळंबा लावून सरळ उभी करा आणि आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत, बारा ते एकच्या दरम्यान, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून लांबी मोजा. मंडळ संध्याकाळी भरत असले तरी मोजमाप दुपारीच व्हायला हवे, तेव्हा चार-पाच मुलांची पाळी लावून दे. वहीतल्या आकड्यांवरची चर्चा संध्याकाळी होईल.

सर्वांत आखूड सावली बरोबर बारा वाजता पडेल, असा अंदाज बहुतेक मुले बांधतील. तो त्यांच्या नावासह आधी लिहून घे. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेस सुमारे साडेआठ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली दुपार सरासरी पस्तीस मिनिटे उशिरा होते. तेवढ्यानेही भागत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीस सावली सव्वाबाराच्या थोडे पुढे सर्वांत आखूड होईल, तर फेब्रुवारीच्या मध्यास त्यासाठी जवळजवळ बारा-पन्नास वाजतील. मुले आधी घड्याळावर आणि मग एकमेकांवर संशय घेतील. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांचा हा एकत्रित परिणाम आहे. पण ही कारणे त्यांच्या वहीत सलग आठ-दहा आठवड्यांचे आकडे जमल्याशिवाय काढू नकोस. 22 डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय गणित दिनी, एक मीटरच्या सळईची मध्यान्हीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर भरेल. त्या दिवशी भाषणांऐवजी मोजमाप ठेवलेस तर दिन अधिक चांगला साजरा होईल, असे माझे मत आहे. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे तो कोन सावलीवरून काढायला प्रमाणशीर आकृती आणि कोनमापक पुरे. त्रिकोणमितीची वाट पाहू नकोस.

नोंदवहीबाबत मात्र कडक राहा. पेन्सिल आणि खोडरबर नको, पेनाने लिहू दे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, म्हणजे तो वाचता येतो. आकडे सुबक दिसावेत म्हणून मुले ते नकळत जुळवून घेतात, आणि मोठी माणसेही याला अपवाद नाहीत.

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी मंडळात करून घ्यावी, असा आग्रह सहावी आणि नववीच्या पालकांकडून होईल. परीक्षा चांगली आहे, प्रात्यक्षिकालाही तिच्यात स्थान आहे. तरी त्यासाठी वेगळा वेळ माग. मंडळाचा एकदा शिकवणीवर्ग झाला की ज्यांना परीक्षेला बसायचे नाही ती मुले येईनाशी होतात, आणि त्यांतलीच काही सर्वांत चांगले प्रश्न विचारणारी असतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी ठेवण्याची सूचना कोणीतरी करील. तिथे सावलीची नोंदवही आणि आलेख मांडा.

शाळा सुटल्यावर मुलांना भूक लागलेली असते, तेव्हा चुरमुरे-शेंगदाण्यांची सोय आधी कर. बाहेरगावच्या मुलींची एसटी चुकणार नाही अशी वेळ मुख्याध्यापकांकडून लेखी ठरवून घे, आणि प्रयोगशाळेची एक किल्ली तुझ्याकडे राहील असेही पाहा. ओळंबा विकत आणू नकोस, गावातल्या गवंड्याकडून मागून घे. तो स्वतः येऊन सळई उभी करून देणार असेल तर फारच उत्तम. दिवाळीपर्यंतच्या वह्यांतली काही पाने मला पाठव, खाडाखोड असलेलीही.

तुझा,
सर