रशियन लोक पाहुण्यांचं स्वागत कसं करतात? जेवायला काय असतं?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे ब्रेड आणि मीठ. नक्षीकाम केलेल्या टॉवेलवर 'करवाय' नावाचा मोठा गोल ब्रेड आणि त्यावर मिठाची छोटी वाटी, पाहुण्याने तुकडा तोडायचा, मिठात बुडवून खायचा. आता हे जास्त करून लग्नात नाहीतर सरकारी पाहुण्यांसाठीच करतात पण आदरातिथ्यासाठी त्यांच्याकडे शब्दच आहे 'ख्लेबोसोल्स्त्वो', म्हणजे ब्रेड-मीठपणा! मीठ तेव्हा महाग होतं हो, मिठाच्या करावरून चिडलेल्या लोकांनी 1648 मध्ये मॉस्कोत दंगा केला होता, म्हणून पाहुण्यापुढे मीठ ठेवणं ही खरंच मोठी गोष्ट. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात ना, तसंच काहीसं वाटतं मला.

रोजचं जेवण साधं, कोबीचं सूप 'श्ची', बकव्हीटची (म्हणजे कुट्टूची) लापशी 'काशा', राय धान्याचा काळा आंबूस ब्रेड. नंतर चहा, छोट्या किटलीत एकदम कडक कोरा चहा करून ठेवतात आणि कपात थोडा ओतून वरून समोवार म्हणजे पाणी उकळायच्या धातूच्या मोठ्या भांड्यातलं (आता साध्या केटलचं) गरम पाणी घालतात, सोबत फळांचा मुरंबा, तो चमच्याने नुसताच खातात.

आणि हो, फुलं न्यायची तर विषम संख्येत न्या, सम संख्येतली फुलं अंत्यविधीला नेतात.