नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमुळे शेअर्ड फोल्डरमध्ये बॅकअप फाईलींचा पसारा होतोय, कसा थांबवू?

सेटिंग्जमधून प्रेफरन्सेस उघडा, डावीकडे बॅकअप आहे तिथे 'बॅकअप ऑन सेव्ह'खाली 'नन' निवडा, नवीन फाईली पडायच्या थांबतील. तुमच्याकडे बहुतेक तिथलाच व्हर्बोज पर्याय चालू असणार, त्यात दर सेव्हला तारीख-वेळ घालून नवी कॉपी होते, सिंपलमध्ये मात्र एकच डॉट बॅक (.bak) फाईल असते आणि तीच ओव्हरराइट होत राहते. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कॉप्या हव्याच होत्या म्हणून कस्टम बॅकअप डिरेक्टरी देऊन सगळ्या एका फोल्डरात वळवल्या, बरं पडतं. फक्त त्याच पानावर वर असलेलं सेशन स्नॅपशॉट बंद करू नका हां, ते वेगळं प्रकरण आहे, डिफॉल्टला दर 7 सेकंदांनी सेव्ह न केलेलं जपून ठेवतं, लाइट गेली की तेच कामाला येतं. जुन्या फाईली आपोआप जाणार नाहीत, त्या हातानेच उडवा.