सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) मानववंशशास्त्र घेतलंय, बारावीला हा विषय नव्हता. तयारी कशी करू?

आधी विद्यापीठाची विषयाची अट तपासा. दिल्ली विद्यापीठाच्या बी.एस्सी. ऑनर्सला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे गुण लागतात. हे न बघता भलताच पेपर देणारे दरवर्षी निघतात.

पेपरला 50 प्रश्न, 60 मिनिटं; बरोबरला 5, चुकलं की वजा 1.

एनसीईआरटीचं स्वतंत्र पुस्तक नाही, म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं मोफत साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावरून घ्या, पण अभ्यासक्रमाबाहेरचं वाचत बसू नका. सर्वाधिक गोंधळ प्रागैतिहासिक भागात होतो. एकच तक्ता करा: जीवाश्म, स्थळ, मेंदूचं आकारमान, हत्यारं. होमो इरेक्टस या आदिमानवासमोर अश्यूलियन पद्धतीची दगडी हातकुऱ्हाड, निअँडरथलसमोर मुस्टेरियन पद्धतीची हत्यारं. मध्य प्रदेशातल्या हथनोऱ्याला 1982 मध्ये सापडलेली नर्मदा कवटी विसरू नका.

नातेसंबंधांच्या व्याख्या घोकू नका, आकृती काढा. मामे-आते भावंडं क्रॉस कझिन, चुलत-मावस पॅरलल; आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न चालतं, चुलतबहिणीशी नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

जनुकशास्त्रासाठी अकरावी-बारावीचं जीवशास्त्र बास. जमातींत महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित जमाती पाठच हव्यात.