काजूची पालवी काळी पडून सुकतेय – हा ढेकण्याच

तुम्ही लिहिलंय की काजूची नवी पालवी काळी पडून सुकतेय, कोवळ्या दांड्यांवर चिकाचे थेंब दिसतात, कीड मात्र सापडत नाही. धुक्याने आलेली बुरशी समजून दोनदा बुरशीनाशक मारलं तरी फरक नाही. चिकाचे थेंब आणि त्याखाली काळा डाग, ही खूण ढेकण्या या किडीची. शास्त्रीय नाव हेलोपेल्टिस अँटोनी. तो सोंड खुपसून रस शोषतो आणि त्याच्या लाळेने तिथल्या पेशी मरतात. डाग आधी पाणथळ, मग तपकिरी, शेवटी काळा. दांड्यावर लांबट, पानावर कोनाकार. बुरशी असते, पण ती या जखमांतून मागाहून शिरते. म्हणूनच नुसतं बुरशीनाशक मारून ही मर थांबत नाही.

उन्हात तो पानांआड सावलीला बसतो, त्यामुळे दुपारच्या फेरीत नजरेस पडत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर शेंडे बघा. पूर्ण वाढलेला ढेकण्या 6 ते 8 मिमी लांब, सडपातळ असतो. डोकं काळं, छाती तांबडी, पोट काळं-पांढरं, मिशा अंगापेक्षा कितीतरी लांब. पक्की ओळख पाठीवर: तिथे टोकाला गाठ असलेला उभा काटा असतो, टाचणी उलटी रोवावी तसा. पिल्लं तांबूस-नारिंगी आणि बिनपंखी. पहिल्या अवस्थेत हा काटा नसल्याने मुंगी समजून ती सुटतात.

अंडी तर वरून दिसतच नाहीत. मादी ती कोवळी दांडी, मोहोराचा देठ किंवा पानाची शीर यांच्या आत घालते. बाहेर राहतात ते फक्त दोन पांढरे तंतू, एक लांब, एक आखूड. दहापट भिंगाखाली ते दिसतात. आठवडाभरात पिल्लू बाहेर पडतं, पाच अवस्था पार करायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे तीन-चार आठवड्यांत एक पिढी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पालवीपासून बी धरेपर्यंत झाडावर कोवळं काही ना काही असतंच, त्यामुळे पिढ्या एकमेकींत मिसळतात. शेजारी पेरू, कडुलिंब किंवा कोको असेल तर तिथेही शोधा. तो त्यांच्यावरही जगतो.

फवारणी झाडाच्या अवस्थेवर धरा: पालवी फुटताना, मोहोर येताना आणि बी धरल्यावर. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन 5 टक्के प्रवाही, 10 लिटर पाण्यात 6 मिली. हेच औषध लागोपाठ मारू नका; एका फेरीला प्रोफेनोफॉस 50 टक्के प्रवाही, 10 लिटरला 10 मिली, असा बदल करा. दांड्यातल्या अंड्यांपर्यंत फवारा पोचत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा शेंडे तपासा. फक्त खालच्या फांद्या भिजवल्या तर वरचे शेंडे तसेच राहतात आणि कीड तिथून परत पसरते. बागेच्या कडेपासून आत फवारत या, नाहीतर ती शेजारच्या झाडांवर उडून जाते. मोहोरात संध्याकाळीच मारा. दोन्ही औषधं मधमाशांना घातक आहेत आणि काजूत बी धरायला कीटक लागतात. हातमोजे, मास्क चुकवू नका.

पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या बागेत असतील तर त्यांची घरटी तोडू नका. काढणीच्या वेळी त्या कडकडून चावतात हे खरं, पण त्या ढेकण्याला खातात आणि त्यांचं राज्य असलेल्या झाडावर त्याला सहजी बस्तान बसवता येत नाही.