रॉटवायलर घरच्यांवर उलटतो का? मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो पाळावा का?

गोरेगावच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, घरात सात वर्षांची मुलगी असताना, रॉटवायलरचे पिल्लू आणावे का, असे आपण विचारले आहे. ‘ही जात एक ना एक दिवस घरच्यांवरच उलटते’ हे आपल्या सासरच्या मंडळींचे म्हणणे कितपत खरे आहे, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. जागेचे मी नंतर सांगते. दुसरा प्रश्न वाचल्यावर मात्र उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत माझ्या नणंदेने आमच्याच घरी ऐकवले होते आणि त्यावरून जुंपलेला वाद अजून मिटलेला नाही.

आमचा बंडू रॉटवायलर आहे. पार्ल्याला तिसऱ्या मजल्यावरच्या बेताच्या घरात तो आमच्याबरोबर राहतो. वजन पन्नास किलोच्या आसपास, अंग काळेभोर आणि दोन्ही डोळ्यांवर तपकिरी ठिपके, ज्यांमुळे तो कायम कपाळाला आठी घालून बसल्यासारखा दिसतो. स्वभाव याच्या नेमका उलट आहे. कोणी उभे दिसले की शेजारी येऊन आपला सगळा भार त्या माणसाच्या मांडीवर टाकायचा, ही या जातीची ओळखीची सवय आहे आणि बंडूने ती आमच्या दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सर्वांवर आजमावलेली आहे. मी स्वयंपाकघरात असले की तो ओट्याखाली आडवा, आंघोळीला गेले की न्हाणीघराच्या दारापाशी.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. नणंद आणि तिचे यजमान डोंबिवलीहून आले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नणंद पंचखाद्याची वाटी घेऊन दिवाणावर बसली. बंडू तिच्यापाशी गेला आणि त्याने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. तिनेही मोठ्या धीराने त्याच्या कानामागे खाजवले. त्याबरोबर बंडूच्या छातीतून खोल, घरघरणारा आवाज निघाला. नणंदेने किंचाळून दोन्ही पाय दिवाणावर घेतले, वाटी उलटली आणि खारीक, खोबरे, बेदाणे फरशीवर पसरले. बंडूने अर्थातच प्रसाद ग्रहण करायला सुरुवात केली. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणून मी धावले, डाव्या हाताने त्याचा पट्टा धरला आणि उजवा हात मनगटापर्यंत त्याच्या जबड्यात घालून बेदाणे बाहेर काढले. बंडू तोंड उघडे ठेवून निमूट उभा होता. खाण्याच्या वस्तूवरून पन्नास किलोच्या कुत्र्याच्या तोंडात घातलेला हात जसाच्या तसा बाहेर आला, हे खोलीतल्या सर्वांनी पाहिले.

नणंदेने मात्र पाहिले ते निराळेच. ‘वहिनी, तो माझ्यावर गुरगुरला आणि तुम्हाला त्याला ओढून काढावं लागलं,’ असे ती पानावर बसल्यावर म्हणाली आणि पुढे, ‘आज माझ्यावर, उद्या तुमच्यावर उलटेल.’ तेव्हापासून ती आमच्या घराची पायरी चढलेली नाही.

तो आवाज गुरगुरण्याचा नव्हता. लाड करून घेताना रॉटवायलर छातीतून घरघरतो, मांजर घरघरते त्याच समाधानाने, फक्त आवाज कितीतरी खालच्या पट्टीतला असतो. हा फरक केवळ कानांनी कळत नाही, म्हणून अंगाकडे पाहावे. लाडात असलेला कुत्रा सैल असतो, डोळे अर्धवट मिटलेले असतात, जबडा ढिला असतो आणि तो आपल्याकडे आणखी सरकतो. खरोखर धमकावणारा कुत्रा ताठरतो, तोंड मिटून क्षणभर श्वास रोखतो आणि त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग कडेने दिसू लागतो. असे दिसले की हात काढून घ्यावा आणि दूर व्हावे, मग तो रॉटवायलर असो की पामेरियन. आणखी एक गोष्ट मी बजावून सांगते. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला कधीही मारू नये. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. मार खाऊन ज्याने ती देणे सोडले, तो पुढे सूचना न देताच चावतो आणि मग लोक म्हणतात की तो अचानक उलटला.

नणंदेच्या यजमानांनी पुढे 2024 च्या मार्चमध्ये कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर केंद्र सरकारचे परिपत्रक टाकले. पशुसंवर्धन खात्याने 12 मार्चला 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याविषयी राज्यांना ते पाठवले होते आणि त्या यादीत रॉटवायलर होता, हे खरे आहे. जे कुत्रे आधीच घरांत आहेत त्यांची नसबंदी करावी, एवढेच त्यात त्यांच्याविषयी म्हटले होते; घरातून काढून टाका असे कोठेही नव्हते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले, त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला सारले आणि आधी लोकांच्या हरकती ऐका असे सरकारला सांगितले. या बातम्या त्या गटावर आल्या नाहीत. आल्या त्या मी टाकल्या, आणि त्यांवर कोणी अंगठासुद्धा उमटवला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात चेन्नईच्या एका उद्यानात दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले, ती बातमी मात्र गटावर तत्परतेने आली. ती खोटी नाही आणि तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्याने ही जात पाळूच नये. पण ते कुत्रे उद्यानात मोकळे होते. आपल्या मुंबईतही 2010 साली नेपियन सी रोडवर एका रॉटवायलरने आपल्या मालकाच्याच वयोवृद्ध नातेवाइकाला चावे घेतले होते. दोन माणसांचे भांडण चालू असताना गाडीत भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी मालकाने दार उघडले, असा तो प्रकार होता. गिरगावच्या न्यायालयाने 2023 मध्ये त्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, ती मला अगदी योग्य वाटते. आताच्या भारतीय न्याय संहितेतही प्राण्याबाबत हलगर्जी करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा मालकाला होते, ते उगीच नाही.

‘खाटकांची कुत्री ती, रक्ताला चटावलेली’ हेही नणंदेच्या यजमानांचेच विधान. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांकडे ही कुत्री असत, हे बरोबर आहे. पण त्यांचे काम गुरे हाकत बाजारात नेण्याचे आणि मांसाच्या गाड्या ओढण्याचे होते. ज्या कुत्र्याने विकायची जनावरे फाडली असती, त्याला खाटकाने दुसऱ्या दिवशी दारात उभे केले नसते. रेल्वे आल्यावर हे काम संपले, जात नामशेष होता होता वाचली आणि 1910 च्या सुमारास जर्मनीत पोलिसांच्या कामासाठी तिला मान्यता मिळाली.

आता आपल्या घराविषयी. दोन खोल्या पुरतात. हा कुत्रा घरात धावपळ करीत नाही, पण सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास त्याला साखळीने फिरवावे लागते, आणि ते काम नोकरावर किंवा मुलीवर सोपवता येत नाही. आपल्या हवेत काळ्या, दुपदरी केसांच्या कुत्र्याला उकाडा फार होतो. ऊन चढण्याआधी फिरवून आणावे आणि दुपारी फरशी व पंखा त्याच्या वाट्याला ठेवावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, कारण लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) माणसाइतकाच कुत्र्यालाही होतो. परतल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात आणि गोचिडांचे औषध चुकवू नये. पिल्लूपणी पार्वो हा विषाणूचा आजार या जातीला विशेष जड जातो, म्हणून लशी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नये. पिल्लू घेताना त्याचे आईवडील प्रत्यक्ष पाहावेत आणि त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. जो विक्रेता ते दाखवण्यास कां कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांविषयी वेगळे सांगायला नको.

सोसायटीवाले विरोध करतील. आमच्या सचिवांनी सर्वसाधारण सभेत ठराव आणला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. ते कागद मी सभेत वाचून दाखवले आणि विषय तिथेच संपला. तरीही लिफ्टमध्ये कोणी घाबरलेले दिसले की आम्ही जिन्याने जातो. हक्क असला तरी समोरच्याच्या पोटात गोळा आणण्याचे कारण नाही.

मुलीबाबत एवढेच की पहिली दोन वर्षे दोघांना एकटे सोडू नये, खोली लहान असली तरी. तो चावेल म्हणून हे सांगत नाही. रॉटवायलरचे पिल्लू वर्षभरात आपल्या मुलीपेक्षा वजनदार होते आणि लाडाने दिलेल्या धक्क्यानेही मूल पडते. त्याचे जेवण चालू असताना तिने जवळ जाऊ नये आणि झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पडू नये, हे तिला आधी शिकवावे आणि मगच पिल्लू आणावे. घरात दिवसभर कोणी नसेल, तर मात्र आणू नका. एकटेपणा या जातीला सोसत नाही, आणि कंटाळलेला रॉटवायलर आधी सोफा खातो, मग दरवाजा.

आपल्या सासूबाई आपल्याकडे राहत असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल, तरी विचार पुढे ढकलावा. पन्नास किलोचे प्रेम अंगावर रेलले की धडधाकट माणूसही एक पाऊल मागे जातो. हे कारण कोणी पुढे केले तर मला पूर्ण मान्य आहे. माझ्या नणंदेच्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. बंडूची हनुवटी नेमकी त्या गुडघ्यावर आली आणि दुखले, एवढेच ती म्हणाली असती, तर मी त्याला विसर्जनापर्यंत आतल्या खोलीत ठेवले असते, आणि त्या वर्षीचे उकडीचे मोदक खाण्याआधीच ती डोंबिवलीला परत गेली नसती.