खूष खरेदीखत आणि वेगळ्या स्टॅम्पपेपरवरचे वचन

परभणी जिल्ह्यातील एका शेतकरी वाचकाने मार्च 2022 मध्ये सोसायटीच्या पीककर्जाचे नवे-जुने करण्यासाठी (जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलण्यासाठी) गावातील कृषी सेवा केंद्राच्या मालकाकडून दरमहा तीन टक्के व्याजाने 3 लाख रुपये घेतले आणि एक एकराचे नोंदणीकृत ‘कायम खूष खरेदीखत’, म्हणजे बिनशर्त कायमच्या विक्रीचा दस्त, करून दिले. दोन वर्षांत पैसे फेडल्यास जमीन परत फिरवून देण्याचे वचन वेगळ्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर घेतले. सोसायटीचे नवे कर्ज घरखर्चात आणि दवाखान्यात गेले, मुद्दल तसेच राहिले, आणि आता सातबारावर सावकाराचे नाव आहे. दुसरा एक सावकार पहिल्याचा हिशेब मिटवायला तयार आहे, पण त्याला उरलेल्या दीड एकराचे खरेदीखत हवे आहे. ते करून द्यावे का, असा प्रश्न आहे.

करून देऊ नका. मार्चअखेर उलटली की अशी पत्रे येतातच. वेळेत परतफेड केली तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, म्हणून ती सवलत वाचवण्यासाठी लोक वर्षाला 36 टक्क्यांचे कर्ज काढतात आणि जमीन लिहून देतात.

तुमच्या प्रकरणाचा निकाल एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे परतीची अट कोठे लिहिली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58(क) च्या परंतुकानुसार (त्या कलमाला जोडलेल्या अटीनुसार), ज्या दस्ताने विक्री झाली त्याच दस्तात ही अट नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. तुमची अट दुसऱ्या कागदावर आहे, त्यामुळे गहाण सोडवून घेण्यासाठी मिळणारी तीस वर्षांची मुदत तुमच्या हातून गेली. फेरखरेदीच्या कराराच्या आधारे दावा करता येईल, पण अशा करारात न्यायालये मुदत काटेकोरपणे पाहतात, आणि मार्च 2024 पूर्वी तुम्ही संपूर्ण रक्कम देऊ केल्याचा एकही लेखी पुरावा तुमच्या कागदपत्रांत नाही. दुय्यम निबंधकांसमोर ‘मोबदला मिळाला, ताबा दिला’ या मजकुराखाली अंगठा उमटवण्यापूर्वी एखाद्या वकिलाला तासभर कागद दाखवला असता, तर हे सर्व टळले असते.

तरीही एक मार्ग शिल्लक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली, अर्जाच्या तारखेपासून मागील पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात सावकाराकडे गेलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक चौकशीअंती देऊ शकतात. हे काम जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात चालते. तेथे दस्ताचे नाव काय आहे यापेक्षा तो कशासाठी झाला, हे पाहिले जाते.

तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितला आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सावकाराच्या मुलाच्या खात्यावर फोनवरून 9,000 रुपये पाठवत होता. 3 लाखांवर तीन टक्के म्हणजे बरोबर 9,000 होतात, आणि जमीन विकून मोकळा झालेला माणूस खरेदीदाराला दरमहा पैसे पाठवत नाही. त्या खात्याचे उतारे बँकेकडून शिक्क्यासह घ्या. विहिरीवरील मोटारीचे वीजबिल आणि बाजार समितीतील विक्रीच्या पावत्या दस्तानंतरही तुमच्याच नावावर असतील, तर ताबा कधी गेलाच नाही हे दाखवता येईल. दस्तातील किंमत त्या वर्षीच्या रेडीरेकनरशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराशीही ताडून पाहा; ती बरीच कमी असेल तर ही खरी विक्री नव्हती, या म्हणण्याला बळ मिळते.

अडचण एवढीच की एका व्यवहारावरून कोणी सावकारी करतो असे सहसा ठरत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात त्या माणसाच्या नावावर झालेल्या खरेद्यांची सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधून घ्या, कारण गावातील आणखी चार जणांनी त्याला अशाच खरेद्या करून दिल्या असतील तर अर्जाला खरा आधार मिळतो. त्याच्याकडे परवाना आहे का, हे सहायक निबंधकांकडे लेखी विचारा. परवाना नसेल तर कलम 39 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असला तरी शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही.

फेरफाराची (सातबारावरील नाव बदलण्याची) नोटीस तुम्ही 2022 मध्येच सही करून घेतली आणि हरकत घेतली नाही, ही चूक मोठी आहे, परंतु फेरफाराने मालकी ठरत नाही, म्हणून आता प्रांत कार्यालयात वर्षे घालवू नका. सोसायटीचा बोजा (सातबारावर नोंदलेले कर्ज) असताना जमीन विकली, हा मुद्दा अर्जात लिहावा, पण त्याचा लाभ तुम्हाला मिळेलच असे मी म्हणणार नाही.

चौकशी रेंगाळेल आणि तारखा पडतील. फेरखरेदीच्या दाव्याची मुदत करारातील तारखेपासून तीन वर्षे, म्हणजे मार्च 2027 पर्यंत धरून चाला, आणि जिल्हा उपनिबंधकांचा निर्णय त्याआधी होण्याची चिन्हे दिसली नाहीत, तर कच्चा असला तरी तो दावा दिवाणी न्यायालयात दाखल करून ठेवा.